बुद्धपौर्णिमेपर्यंतचं घर

आमचं घर गोल होतं असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "म्हणजे विहिरीसारखं?" तसं नाही बाप्पा. बांबूच्या जाळीची गोल भिंत, तिच्यावर छत्रीसारखं उतरतं छप्पर, अन् छपराच्या मधोमध उजेडासाठी एक भोक. मंगोलिया नावाच्या देशात मेंढ्या चारणारे लोक अशा घरात राहतात आणि त्याला यर्ट म्हणतात, हे ज्ञान आमच्या बाबांना ऊर्जानगरच्या क्लबातल्या टीव्हीवरून झालं. बाबा औष्णिक वीज केंद्रात फिटर होते. क्लबात जायचे ते कॅरम खेळायला. त्या दिवशी कॅरमची सोंगटी कुणाच्या तरी पोरानं गिळली की हरवली, म्हणून ते टीव्हीपुढं बसले, आणि तिथून आमच्या घराचे सगळे कोपरे गेले. त्या रात्री ते घरी आले ते खडू घेऊनच. क्वार्टरच्या फरशीवर त्यांनी मोठ्ठं वर्तुळ काढलं, मध्ये बसले आणि म्हणाले, "पाह्य बरं, किती जागा होते." आईनं ओलं फडकं आणलं आणि ते बसले होते तेवढी जागा सोडून बाकी वर्तुळ पुसून काढलं.

घरात आम्ही चौघं. बाबा, म्हणजे देवाजी; आई, म्हणजे पंचफुला; मी शालू, तेव्हा नुकती दहावीला आलेली; आणि माझ्या पाठचा राहुल, ज्याला जगात कशाचंच आश्चर्य वाटत नसे. बाबांनी वेळेआधी निवृत्ती घेतली होती. कोळशाच्या धुळीनं छाती धरली होती, डॉक्टर म्हणाले हवा बदला. हवा बदलायला आमच्याकडं एकच जागा होती, पोंभुर्ण्याच्या अलीकडं नाल्याच्या काठी वाट्याला आलेला शेताचा तुकडा. शेजारच्या तुकड्यावर काकांनी आधीच विटांचं घर बांधलं होतं. जमीन काळी, उन्हाळ्यात ती फाटायची आणि तिच्याबरोबर काकांच्या भिंतीही. त्यांच्या मधल्या खोलीच्या भिंतीला अशी भेग होती की काकू तिच्यात कंगवा ठेवायची. बाबांचं म्हणणं सरळ होतं. या मातीवर जड घर बांधलं की फुटणारच. हलकं बांधू, मातीबरोबर हललं तरी काही तुटणार नाही. फिटर माणूस, त्याला जे हलतं ते चालतं असं वाटतं.

आईचं घर मात्र तिच्या डोक्यात कधीचंच बांधून तयार होतं. पुढं ओटा, ओट्याला लाल कोबा, चार भिंती, वर स्लॅब, स्लॅबवर वड्या वाळवायला जागा. क्वार्टरमध्ये तिनं आयुष्य काढलं, पण क्वार्टरची भिंत कंपनीची. खिळा ठोकायचा तरी ती दोनदा विचार करायची. निवृत्तीनंतर आपलं घर होईल या एका गोष्टीवर तिनं बाकीच्या कितीतरी गोष्टी पुढं ढकलल्या होत्या. त्यामुळं बाबांचा बेत पक्का आहे हे कळलं तेव्हा ती भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. भाकरी थापता थापता थांबली आणि शांतपणे बोलली, ते मला अजून जसंच्या तसं आठवतं.

"माया आजा गावाच्या कडेले गवताच्या झोपडीत जगला. त्यानं दीक्षा घेतली, पोरं शाळेत घातली, म्हणून आमी तिथून निघालो. मी सिमेंटच्या घरात राहली. अन् आता तुमी मले परत झोपडीत नेऊन बसवता?"

बाबा मग म्हणाले, "झोपडी माणूस नाइलाजानं बांधते, पंचफुला. हे आपण ठरवून बांधून राह्यलो."

"पाहणाऱ्याले काय समजते, नाइलाज कोणता अन् ठरवणं कोणतं?"

 शेवटी मधला मार्ग निघाला तो आईनंच काढला. क्वार्टर तर सोडायचंच होतं. ती गोल घरात येईल, पण बुद्धपौर्णिमेपर्यंत. दिवाळीच्या आगेमागे राहायला जायचं, हिवाळा पाहायचा, उन्हाळा पाहायचा. बुद्धपौर्णिमेला ते तिला घर वाटलं तर ती राहील. नाही वाटलं तर ती आम्हा दोघा पोरांना घेऊन तिच्या भावाकडं, ऊर्जानगरला, नामदेवमामांच्या क्वार्टरमध्ये जाईल, आणि बाबांनी स्लॅबचं घर बांधल्यावरच परत येईल. बाबा हो म्हणाले. हो म्हणताना त्यांचा चेहरा मी पाहिला होता. छातीनं पिचलेला माणूस, त्याला एकटं शेतात सोडून आम्ही जाणार, हे मला नुसतं ऐकवेना.

बांधकामाचे दिवस मात्र फार मजेचे होते. बांबू वनखात्याच्या डेपोतून आणले आणि नाल्याच्या डोहात दगडाखाली दाबून ठेवले, कीड लागू नये म्हणून. त्या पाण्याला असा वास यायचा की म्हशीसुद्धा वळसा घालून पलीकडं पाणी प्यायच्या. मग त्यांच्या पट्ट्या चिरायच्या, एकीवर एक तिरपी ठेवून जाळी करायची. पहिल्यांदा बाबांनी सवयीनं प्रत्येक सांध्याला भोक पाडून नटबोल्ट लावला आणि दुपारपर्यंत निम्म्या पट्ट्या उभ्या फाटल्या. मग सायकलच्या जुन्या ट्यूबा कापून त्यांच्या रबरानं गाठी मारल्या. दुकानाचं जाळीचं शटर सरकतं तशी ती भिंत ओढली की लांब व्हायची, दाबली की मिटायची. राहुल आणि मी दिवसभर तेच करत होतो. छपराच्या मधल्या भोकाला बाबांनी दमणीचं चाक शोधलं. दमणी म्हणजे आमच्याकडची हलकी बैलगाडी, शर्यतीची. चाकाची लोखंडी धाव काढून टाकली आणि आऱ्यांच्या मधून आभाळ दिसेल असं ते वर चढवलं. राहुलनं आरे मोजले, ते अशोकचक्रासारखे चोवीस नव्हते म्हणून तो दोन दिवस नाराज होता.

वरचं पांघरूण शिवलं ते चंद्रपूरच्या कादरभाईंनी. ट्रकच्या ताडपत्र्या शिवायचा त्यांचा धंदा. बाबांची आणि त्यांची जुनी दोस्ती. ते मशीन जीपमध्ये टाकून आमच्या शेतात आले, घराभोवती एक चक्कर मारली, टोपी काढून डोकं खाजवलं आणि म्हणाले, "देवाजीभाऊ, मी टरकले टोपी शिवली, टरॅक्टरले शिवली. घराले टोपी पहिल्यांदा शिवून राह्यलो. डोक्याचं माप कोण देणार?" छपराला आतून गोणपाट, मध्ये भाताच्या तणसाचा थर, वर ताडपत्री; भिंतीला नुसती ताडपत्री. आणि या सगळ्यावर, भिंत संपून छप्पर सुरू होतं त्या उंचीवर, घराच्या कमरेला एक पट्टा. कोळसा वाहून नेणाऱ्या मोठ्या रबरी पट्ट्याची भंगारात निघालेली लांब चीर होती ती, काळी, जाड, मरेपर्यंत न तुटणारी. दाराशेजारी त्याची दोन टोकं लांब बोल्टांनी जोडलेली. पाना घेऊन बोल्ट आवळले की पट्टा आवळला जायचा. छपराचं सगळं वजन भिंतीला बाहेर ढकलतं आणि हा पट्टा तिला बाहेर जाऊ देत नाही, हे बाबांनी आम्हाला इतक्या वेळा सांगितलं की राहुल झोपेतही म्हणाला असता. आई तेव्हा चुलीपाशी पाठ करून बसलेली असायची.

आता ताडोब्याच्या वाटेवरच्या रिसॉर्टांत असेच गोल तंबू दिसतात, आत गुबगुबीत पलंग आणि दारात बुटाचं स्टँड. मुंबई-पुण्याची माणसं एका रात्रीसाठी माझ्या पगाराचा लचका देऊन तिथं राहतात आणि सकाळी म्हणतात, व्हाट अ एक्स्पीरियन्स. मी परवा माझ्या नातीला घेऊन गेले होते. तिथल्या पोरानं मला आत कसं वागायचं ते समजावून सांगितलं. मी ऐकून घेतलं.

गोल घरात राहायला गेल्यावर पहिल्यांदा कळतं ते असं की माणसाला कोपरा किती लागतो. झाडू कुठं उभा करायचा? लोखंडी कपाट भिंतीला टेकतच नाही, मागं जी फट राहते तिच्यात चेंडू, पेन्सिली, एकदा तर मांजरीची तीन पिल्लं सापडली. रुसायला जागा नाही. ऊर्जानगरला मी रुसले की मोरीशेजारच्या कोपऱ्यात तोंड करून बसायचे. इथं कुठंही तोंड केलं तरी जाळी गोल फिरून तुम्हाला परत चुलीपाशी आणून सोडते. उजवं-डावं हेही गेलं. वस्तू कुठं आहे हे सांगायचं ते चुलीकडं, कपाटाकडं, दाराकडं, नाहीतर धान्याच्या कोठीकडं असं. आणि बुद्धाचा फोटो जाळीवर टांगला की वाऱ्यानं हळूहळू तिरका व्हायचा. आईनं तो काढून कपाटावर टेकवून ठेवला. म्हणाली, "राहू द्या, थोड्या दिवसांचं तर हाय."

ते थोड्या दिवसांचं मला फार टोचायचं. बाकी सगळं इतकं चांगलं चाललं होतं. हिवाळ्यात चुलीची ऊब गोल गोल फिरत राहायची, कुणालाच थंडीकडची बाजू मिळत नसे. आई झिंगे भाजायची तेव्हा वास नाल्यापलीकडं जायचा आणि काका हमखास काहीतरी विचारायला यायचे. लाखोळीची भाजी, वरून लसणाची फोडणी, सोबत ज्वारीची भाकर. मोहाची फुलं पडायला लागली की राहुल सकाळी टोपलं घेऊन पळायचा आणि आई ती भाजून तिळाबरोबर कुटायची. झोपताना वर चाकातून चांदण्या दिसायच्या. सकाळी वानरं यायची. कादरभाईंची ताडपत्री गुळगुळीत, वानरांना हे कुणी सांगितलं कोण जाणे, टोळीच्या टोळी छपरावर चढून खाली घसरायची आणि परत वर. आत आम्हाला नुसतं सर्रर्र सर्रर्र ऐकू यायचं, मध्येच एखादं पिल्लू चाकातून वाकून आमचं पोह्यांचं ताट पाहायचं. कादरभाई ठिगळं लावायला आले की म्हणायचे, "गिऱ्हाईक तुमी, पण वापरून हे राह्यले."

पाहायला येणाऱ्यांची तर जत्राच असायची. गावातली पोट्टी त्याला सर्कस म्हणायची, म्हातारी माणसं कोंबड्या झाकायचं डालं म्हणायची. गडचिरोलीकडं जाणारी पोलिसांची गाडी एकदा थांबली, जंगलालगत ताडपत्री ताणलेली पाहून थांबणारच. साहेब वाकून आत आले, चाकाकडं पाहिलं, बाबांकडं पाहिलं आणि विचारलं, "हे काऊन?" बाबांनी मंगोलियापासून सुरुवात केली. चहा होईपर्यंत मेंढ्यांपर्यंत पोचले होते. साहेब जाताना म्हणाले, रिटायर झाल्यावर मलाही पत्ता द्या.

आई या सगळ्यात हसायची, लोकांना पाणी द्यायची, पण स्वतः त्या घरात पाहुण्यासारखी राहायची. तिची कपड्यांची पेटी तिनं उघडली नाही असं नाही, पण रिकामी केली नाही. लागेल ते काढायची, धुऊन परत पेटीत. ऊर्जानगरच्या क्वार्टरात दर शनिवारी जी बाई फरशी घासून घासून पांढरी करायची, तिनं इथली जमीन एकदाही सारवली नाही. मी सारवायची, वाकडीतिकडी. कुणी म्हटलं की "तुमचं घर लय थंडगार हाय बाप्पा," तर म्हणायची, "त्यायचं हाय." म्हणजे बाबांचं. बाबा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे आणि बाहेर जाऊन पाना घेऊन पट्टा तपासत बसायचे. छाती सुधारली होती त्यांची, खोकला जवळजवळ गेला होता. तेही आई पाहत होती.

मामा महिन्या दोन महिन्यांनी यायचे. नामदेवमामा मनानं फार चांगले, बहिणीवर जीव टाकणारे, पण प्रत्येक गोष्टीत हात घालायची सवय. कुणाची सायकल उलटी दिसली की हे तिथं. आले की आधी माझ्यासाठी ऊर्जानगरच्या कॉलेजची गोष्ट काढायचे, अकरावीला सायन्स घे, मामीनं आतली खोली रिकामी केली आहे. मग आईला विचारायचे, "बाई, कसं?" आई म्हणायची, "पौर्णिमेले पाहू." मामांना त्यातून हवं ते उत्तर मिळायचं. खरं सांगायचं तर आम्हा सगळ्यांनाच तेच उत्तर वाटत होतं.

बुद्धपौर्णिमा आमच्याकडं येते ती ऐन वैशाखात, चंद्रपूरच्या उन्हात, ज्या उन्हात कावळेही घराबाहेर पडायच्या आधी विचार करतात. त्या वर्षी आईनं सगळ्यांना बोलावलं. मामा, मामी, त्यांची दोन पोरं, काका, काकू, कादरभाई. आदल्या दिवशी तिनं पेटी भरली. मी पाहत होते. सगळे कपडे घडी करून, वर राहुलची वह्या-पुस्तकं, मग झाकण, मग कडी. पेटी दाराशी आणून ठेवली. बाबा त्या वेळी खाट विणत होते. त्यांनी पेटीकडं पाहिलं आणि परत दोरी ओढायला लागले. मला त्या दोघांचाही राग आला. एकानं थांब म्हणावं, नाहीतर एकानं थांबावं, एवढं साधं होतं.

सकाळी वंदना झाली. आम्ही सगळे पांढऱ्या कपड्यांत चाकाखाली गोल बसलो, त्रिशरण-पंचशील घेतलं. कादरभाई दाराशी डोक्यावर रुमाल टाकून शांत बसले होते. मग आईनं चुलीवर खिरीचं मोठं पातेलं चढवलं. दहा वाजेपर्यंत घर तापलं. एरवी आम्ही ताडपत्रीची खालची बाजू पट्ट्यापर्यंत गुंडाळून ठेवायचो, वारा जाळीतून आरपार जायचा आणि कसं छान वाटायचं. पण त्या दिवशी माणसं जास्त, चूल पेटलेली, मामींना चक्कर आल्यासारखं व्हायला लागलं. बाबा आणि कादरभाई बैलबंडी घेऊन विहिरीवर पाणी आणायला गेले होते. मामा उठले. त्यांचं मन स्वस्थ कसं बसणार? बाहेर जाऊन त्यांनी ताडपत्री आणखी वर गुंडाळायचा प्रयत्न केला. ती पट्ट्याखाली अडकलेली. मामांना वाटलं, हा पट्टा ताडपत्री बांधायलाच आहे. साड्यांच्या गाठोड्याला दोरी असते तसा. दाराशेजारी पाना लटकलेला होता. त्यांनी तो घेतला आणि एक बोल्ट सोडला, दुसरा अर्धा सोडला.

पहिला आवाज आला तो करकर असा, सगळ्या बाजूंनी, बंडी वजनानं करकरते तसा. मग राहुल म्हणाला, "चाक खाली आलं." अगदी शांतपणे म्हणाला, तो नेहमीच तसा. मी वर पाहिलं. चाक खरंच खाली आलं होतं, हातभर, आणि एका बाजूला कललं होतं. भिंत बाहेर फुगत होती. छपराचे बांबू एकेक करून सरकत होते. काकू ओरडली, "पळा," आणि सगळी मुलं, मामी, काका, काकू, मी, दारातून बाहेर पडलो. पेटीला अडखळून मामी पडल्या, त्यांना ओढून काढलं. बाहेर मामा पाना हातात धरून उभे होते, तोंडचं पाणी पळालेलं. "मी तं फक्त वारा..." एवढंच त्यांना बोलता येत होतं.

विहिरीकडून बाबा धावत आले. छातीचा माणूस, पण धावत आले. त्यांनी मोजल्यासारखं आम्हा सगळ्यांकडं पाहिलं आणि विचारलं, "तुयी माय कुठी हाय?"

आई आत होती.

मी जाळीतून आत पाहिलं. छपराच्या भोकावर पावसासाठी झाकण होतं, ते खालून सरकवायला आमच्याकडं एक लांब बांबू होता. आईनं तो चाकाच्या मधल्या तुंब्याखाली उभा रोवला होता, खालचं टोक पायानं दाबलेलं, दोन्ही हातांनी तो घट्ट धरून ती उभी होती. पांढरं लुगडं, मागं चूल, चुलीवर खीर. चाकाचं सगळं वजन त्या एका बांबूवर आणि बांबू तिच्या हातात. बाबा दारातून आत शिरायला लागले तसं ती बोलली, "तुमी आत येऊ नका. पट्टा आवळा. मी धरलं हाय."

"बाहेर ये, पंचफुला. पडू दे घर, परत बांधू."

"म्या म्हटलं ना, धरलं हाय म्हणून. बोलण्यात वेळ घालवू नका."

मामा रडकुंडीला आले, "बाई, खिरीपायी जीव देतं का?" 

मग बाबांनी मामांच्या हातातून पाना घेतला आणि आम्हा सगळ्यांना घराभोवती उभं केलं. काका, काकू, कादरभाई, मामा, पडून खरचटलेल्या मामी, आम्ही मुलं, जाळीच्या वरच्या कडेला हात लावून, आत ढकलायला. जाळी तापलेली, हात भाजत होते. कोणी किती ढकलायचं हे बाहेरून कळेना, एका बाजूनं जास्त दाबलं की दुसरी बाजू बाहेर येत होती. आतून फक्त आईला चाक कुठं कललं ते दिसत होतं. ती ओरडून सांगायला लागली, "चुलीकडून दाबा. आता कोठीकडून. कपाटाकडचे थांबा." मान खाली घालून ढकलणाऱ्या बाहेरच्यांना काय कळणार चूल कुठं आणि कपाट कुठं? मी आणि राहुल पळत राहिलो, "काका, कोठी म्हणजे तुमी," "कादरभाई, तुमी कपाट हाय, थांबा." कादरभाई दम खात म्हणाले, "हौ, मी कपाट, मी थांबलो." त्याही स्थितीत काकू हसली. बाबा पाना फिरवत होते, दर फेरीला थांबून आत विचारत होते, "आता?" आणि आई सांगत होती, "अजून. दाराकडचं अर्धं वेटोळं अजून बाहेर हाय. वरचे दोन बांबू सुटले हाय, ते मंग बसवू. अजून." मी तिचा आवाज ऐकत होते आणि माझ्या लक्षात आलं की ही बाई महिनोन्महिने चुलीपाशी पाठ करून बसली होती, पण तिनं एक शब्द सोडला नव्हता. कुठला बांबू कशावर टेकतो, पट्टा किती आवळला की करकर थांबते, सगळं तिला येत होतं.

करकर थांबली. चाक जागेवर गेलं नाही, थोडं खालीच राहिलं, पण सरळ झालं. "बस," आई म्हणाली. बाबा आत गेले आणि त्यांनी तिच्या हातातला बांबू धरला. तिचे हात काही केल्या सुटेनात, बोटं आखडली होती. बाबांनी एकेक बोट सोडवलं. तेव्हा मी रडले. मला लपवायचं नव्हतं, म्हणून दारातच उभी राहून रडले. आई चुलीकडं पाहून म्हणाली, "शाले, खीर खाली लागून राह्यली, उतरव."

खीर जराशी करपली होती. आम्ही ती बाहेर मोहाच्या झाडाखाली बसून खाल्ली आणि करपलेली खीर इतकी चांगली लागते हे मला त्या दिवशी कळलं. मामांनी खाल्ली नाही. कादरभाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "होते भाऊ. म्या एकदा चालत्या टरकची ताडपत्री सोडली होती." ते खरं होतं की मामांना बरं वाटावं म्हणून, मी नंतर कधी विचारलं नाही.

ऊन उतरलं तशी मामांनी जीप दाराशी आणली. पेटी उचलायला वाकले आणि आईला म्हणाले, "चाल, बाई. आता तं तू स्वतःच पाह्यलं. हे काही राहाचं घर नोहे."

आई ओट्यावर, म्हणजे आमच्याकडं ओटा नव्हता, दारापुढच्या दगडावर बसली होती. हाताच्या तळव्यांवर बांबूचे लाल वळ उठले होते, त्यांना तेल लावत होती. "पेटी राहू दे, नामदेव."

"काऊन?"

"काऊन म्हणजे? आतापर्यंत मी दुसऱ्याच्या भिंतीआड राहली. कंपनीच्या, त्याच्या आधी बापाच्या. कोणतीच भिंत म्या उभी केली नाई. आज हे खाली येऊन राह्यलं होतं अन् म्या धरलं. दोन्ही हातांनं धरलं. आता ते सोडून कुठी येऊ?" मग जरा थांबून म्हणाली, "अन् पाहणाऱ्याले झोपडी दिसली तं दिसू दे. त्यायले आत बोलवू."

मामांनी बहिणीच्या पायांना हात लावला आणि गाडीत जाऊन बसले. गाडी निघाली, धूळ खाली बसली. बाबा पेटी आत न्यायला वाकले तर आई म्हणाली, "ते शालू नेईन. तुमी मले एक सांगा, हा पट्टा किती दिवसांनी आवळा लागते?"

"पंधरा दिवसांनी. पावसात लवकर. तुले कायले पाह्यजे?"

"माहीत पाह्यजे." तिनं हात पुढं केला. "अन् तो पाना इकडं द्या. कोणीबी येते अन् खोलते."

बाबांनी पाना दिला. त्या दिवसापासून तो तिच्या मिठाच्या बरणीशेजारी राहायला लागला, आणि बाबांना सायकलसाठी लागला तरी ते तिला विचारून घ्यायचे.